नंतर सांगते

प्लेन टेबल 12, त्यातले 3 मोडके. डंपी लेव्हल 2. सर्व्हे चेन 4, एकीच्या कड्या गंजलेल्या. स्थलनिर्देशक नकाशे एकूण 86, वाळवी लागलेले 11. पृथ्वीचे गोल 5. प्रिझमॅटिक कंपास, म्हणजे दिशा मोजायचं यंत्र... मामा म्हणाले, मॅडम, 9 भरतायत. रजिस्टरला 10 होते.

हे 2025 च्या एप्रिलमधलं. मी राजीनामा दिला होता, नोटिशीचे तीन महिने संपत आले होते आणि नो ड्यूजवर, म्हणजे काही देणं नाही या दाखल्यावर, सही मिळवायची तर डेडस्टॉक, म्हणजे लॅबचं कायमचं सामान, मोजून द्यावा लागतो म्हणून आम्ही दोघं, मी आणि आमचे लॅबचे मामा, सकाळपासून भूगोलाच्या प्रयोगशाळेत कपाटं उघडून बसलो होतो. खिडकीतून ऊन येत होतं, पंखा नेहमीसारखा कुरकुरत होता, आणि एक कंपास कमी होता. मामा म्हणाले राहू द्या, फुटला म्हणून दाखवू, कोण बघतंय. पण मला ते नको होतं. 19 वर्षं त्या लॅबची किल्ली माझ्याकडे होती, जाताना तरी हिशोब पुरा असावा असं वाटलं.

"ग्रँटेबल नोकरी सोडतं का गं कुणी?" ग्रँटेबल म्हणजे सरकारी अनुदानातून पगार मिळणारी. हे वाक्य मी त्या तीन महिन्यांत किती वेळा ऐकलं असेल. आईने विचारलं, सासूबाईंनी विचारलं, भाजीवालीने पण विचारलं कारण तिच्या मुलीला मी शिकवलंय. नवऱ्याने विचारलं नाही, तो फक्त एका रात्री म्हणाला की झोप लागत असेल तर सोड. चूक कुणाचीच नाही, आमच्याकडे परमनंट प्राध्यापकाची नोकरी म्हणजे काय असते हे मला चांगलं माहीत आहे, मी स्वतः चार वर्षं सीएचबीवर, म्हणजे तासाच्या हिशोबाने पैसे मिळणाऱ्या कामावर, काढून मग 2006 ला लागले होते. ऑर्डर हातात आली त्या दिवशी वडिलांनी सगळ्या गल्लीत पेढे वाटले होते. लोक शेत विकून या जागेपर्यंत पोचतात, जागा निघायच्या आधी आकडे कानावर यायला लागतात, आणि ती जागा कुणी आपणहून रिकामी करतं म्हटल्यावर समोरच्याला वाटतं की बाईचं काहीतरी बिनसलंय. घरी काही झालंय का, तब्येतीचं काही आहे का. नुसतं "दमले" म्हटलं तर ते उत्तर पुरत नाही.

पण मी दमले होते. शिकवण्याने नाही. ही गोष्ट मला नीट सांगायची आहे कारण ती बहुतेक वेळा उलटी समजली जाते.

शिकवायला लागले तेव्हाचं आठवतं. समोच्च रेषा, म्हणजे नकाशावरच्या त्या तपकिरी वळणदार रेघा, मुलांना कधीच कळायच्या नाहीत, पाठ करायची आणि पेपरात काढायची. मग मी बटाटे आणायला लागले. अर्धा बटाटा कापायचा, पालथा ठेवायचा, हा तुमचा डोंगर. आता त्याच्या आडव्या चकत्या करा, सारख्या जाडीच्या. एकेक चकती कागदावर ठेवून कडेकडेने पेन्सिल फिरवा. सगळ्यात खालची मोठी, तिच्या आत दुसरी, तिच्या आत तिसरी. आणि मग एखादी पोरगी कागदाकडे बघत राहायची, परत बटाट्याकडे, परत कागदाकडे, आणि म्हणायची, "मॅडम, जिथं रेघा जवळजवळ आल्यात तिथं चढ आहे." बस. ते वाक्य तिचं तिला सापडलेलं असायचं. त्यानंतर 47 के नंबरची टोपोशीट, म्हणजे स्थलनिर्देशक नकाशा, पसरायची, आपला सातारा-सांगलीकडचा भाग, आणि ती तिच्या गावाची टेकडी बोटाने शोधून काढायची, शाळेला जाताना दम कुठे लागायचा ते तिला रेघांमध्ये दिसायचं. कराडला प्रीतिसंगमावर नेलं की कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन कशा भेटतात आणि मग दोघी मिळून पूर्वेकडे कशा वळतात हे काठावर उभं राहून बघायचं, कंपासने बेअरिंग, म्हणजे दिशेचा कोन, घ्यायचं, वहीत स्केच काढायचं. दिवसभर उन्हात फिरून आले तरी घरी आल्यावर मी दमलेली नसायचे. खरंच नसायचे.

मग कागद आले. एकदम नाही आले, पाण्यासारखे हळूहळू चढत गेले. 2010 च्या यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, रेग्युलेशनपासून एपीआय सुरू झाला, म्हणजे प्रत्येक गोष्टीला गुण. सेमिनारला गेलं एवढे, पेपर छापला एवढे, कमिटीत काम केलं एवढे. प्लेसमेंट, म्हणजे वरची श्रेणी, हवी तर गुण जमवा, आणि प्रत्येक गुणाला झेरॉक्स जोडा. तेव्हापासून आयएसएसएन नंबर असलेली जर्नल्स पावसाळी छत्र्यांसारखी उगवली आणि आमच्यातली चांगली चांगली माणसं पैसे भरून त्यात पेपर छापायला लागली, कारण न छापणाऱ्याचं प्रमोशन अडायचं. मग ते रोखायला केअर लिस्ट, म्हणजे मान्य जर्नल्सची यादी, आली, सगळे त्या यादीतल्या जर्नलच्या मागे धावले, आणि 2025 च्या फेब्रुवारीत यूजीसीने ती यादीच बंद केली. मी तेव्हा नोटीस पिरियडवर होते. स्टाफरूममध्ये बातमी वाचून एक सर काही न बोलता उठून बाहेर गेले, त्यांनी दोन वर्षं एका पेपरसाठी वाट बघितली होती.

आणि नॅक, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणारी संस्था. मी नॅकच्या विरोधात नाही हे आधीच सांगते. कॉलेजचं मूल्यमापन व्हायलाच हवं, नॅकमुळे आमच्या लायब्ररीत पुस्तकं आली, मुलींसाठी नीट टॉयलेट झालं, हे मी डोळ्यांनी बघितलंय. पण 2017 ला पद्धत बदलली आणि मूल्यमापनाचा मोठा भाग आकड्यांवर गेला, सात क्रायटेरिया, दरवर्षीचा अहवाल एक्यूएआर, पाच वर्षांचा अहवाल एसएसआर, आणि प्रत्येक आकड्यामागे पुरावा अपलोड. मला क्रायटेरिया 3 दिला होता. झालं असं की एखादी गोष्ट केली का, यापेक्षा ती केल्याचं दाखवता येतं का हे महत्त्वाचं व्हायला लागलं. व्याख्यान ठेवायचं तर आधी नोटीस, मग हजेरीपत्रक, मग फोटो, मग अहवाल, मग फीडबॅक फॉर्म, मग फीडबॅकचं विश्लेषण, मग त्या विश्लेषणावर काय कृती केली त्याचा अहवाल. व्याख्यान 40 मिनिटांचं, कागद आठवड्याचे. फोटो साधा चालत नाही, जिओटॅग्ड लागतो, म्हणून सगळ्यांच्या मोबाईलमध्ये ते जीपीएस मॅप कॅमेरावालं ॲप असतं, फोटोखाली अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ सगळं छापून येतं. मी आयुष्यभर पोरांना अक्षांश-रेखांश शिकवले ते जग समजावं म्हणून.

14 जानेवारी 2020. महाराष्ट्रात हा दिवस भूगोल दिन म्हणून साजरा होतो, प्रा. सी. डी. देशपांडे यांच्या जन्मदिवसाच्या निमित्ताने. आमच्याकडे त्या दिवशी एक पाहुणे सर बोलायला आले होते, विषय सूर्याचं भासमान भ्रमण, आणि ते छान बोलले. बोलता बोलता म्हणाले की उत्तरायण खरं तर 22 डिसेंबरच्या आसपासच सुरू होतं. तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली, एसवायची, कधी न बोलणारी. पाहुण्यांना विचारायची तिची हिंमत झाली नाही, मी जवळ होते म्हणून मला विचारलं. "मॅडम, मग संक्रांत उद्या का?"

मी त्या वेळी खुर्चीवर चढले होते. बॅनर, पाहुणे आणि निम्मा वर्ग एका फ्रेममध्ये यायला हवा होता आणि ॲप लोकेशन पकडत नव्हतं. मी तिच्याकडे न बघता म्हणाले, "नंतर सांगते हं, जरा सरकून बस, फोटोत येऊ दे."

ती सरकून बसली. फोटो चांगला आला. अहवालाला जोडला, क्रायटेरियाच्या फोल्डरमध्ये टाकला, तो आजही कुठल्यातरी सर्व्हरवर असेल. आणि मी तिला सांगितलं नाही. त्या आठवड्यात नाही, नंतरही नाही, मार्चमध्ये लॉकडाऊन लागला, ती पुढच्या वर्षी आलीच नाही, लग्न झालं असं मैत्रिणींकडून कळलं.

उत्तर इतकं सुंदर आहे त्या प्रश्नाचं! पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो, एक डुलणं पूर्ण व्हायला साधारण 26,000 वर्षं लागतात. त्यामुळे ताऱ्यांच्या हिशोबाने सूर्य मकर राशीत जातो तो दिवस आणि ऋतूंच्या हिशोबाने उत्तरायण सुरू होतं तो दिवस हे एकेकाळी एकत्र होते ते हळूहळू लांब होत गेले, साधारण 70-72 वर्षांत एक दिवस. आपण संक्रांत ताऱ्यांच्या हिशोबाने धरतो म्हणून ती पुढे पुढे सरकते. पानिपतची लढाई 14 जानेवारी 1761 ची, आपण म्हणतो पानिपतावर संक्रांत कोसळली, पण त्या वर्षी पंचांगातली संक्रांत तीन-चार दिवस आधीच होऊन गेलेली होती. एवढं सांगायला पाच मिनिटं लागली असती. तिळगुळाच्या आदल्या दिवशी एका मुलीच्या हातात 26,000 वर्षं ठेवता आली असती, आणि मी तिला सरकून बस म्हणाले.

त्या दिवशी काही वाटलं नाही, हे जास्त वाईट आहे. वाटलं ते दोन वर्षांनी, एसएसआरचं काम चालू असताना रात्री साडेअकराला तो फोटो परत समोर आला तेव्हा. ती कोपऱ्यात बसलेली, मान थोडी खाली. मी लॅपटॉप बंद केला आणि बराच वेळ रडले.

बर्नआउट हा शब्द मला तेव्हा माहीत होता, पण तो आयटीवाल्यांचा वाटायचा. नंतर वाचलं. 1974 मध्ये हर्बर्ट फ्रॉयडनबर्गर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने तो वापरला, आणि विशेष म्हणजे मोफत दवाखान्यात सेवाभावाने काम करणाऱ्या लोकांना बघून वापरला, म्हणजे ज्यांना कामाची मनापासून ओढ आहे त्यांच्यावरून. 2019 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची व्याख्या केली, आजार म्हणून नाही तर कामाच्या ठिकाणी साचत गेलेल्या ताणाचा परिणाम म्हणून. थकवा, कामापासून मन तुटणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. वाचताना मला मधलंच जास्त लागलं. थकवा झोपेने थोडा तरी जातो. मन तुटलेलं कळत पण नाही. मुलं समोर बसलेली असतात आणि आपल्याला ती हजेरीपत्रकातले आकडे दिसायला लागतात, 62 पैकी 41, म्हणजे 75 टक्क्यांत बसत नाही, काहीतरी करावं लागेल. मी बटाटे आणायचे बंद केले होते. कधी बंद केले ते मला आठवत नाही.

बाहेरच्या माणसाला हे पटत नाही याचं मला नवल वाटत नाही. प्राध्यापक म्हणजे लाखात पगार, दिवसाला तीन तास आणि उन्हाळ्याची सुट्टी. पगार चांगला आहे, खोटं कशाला बोलू. पण नियमात सहायक प्राध्यापकाला आठवड्याला 16 तास प्रत्यक्ष शिकवणं आणि एकूण 40 तासांचं काम आहे, आणि शिकवण्याची तयारी, पेपर तपासणं, त्यासाठी कॅपला, म्हणजे तपासणीच्या केंद्रावर, जाणं, इंटर्नल, सुपरव्हिजन, ॲडमिशन कमिटी, स्कॉलरशिपचे फॉर्म, निवडणुकीची ड्युटी, हे सगळं त्या उरलेल्या तासांत बसवून वर पोर्टल. 2024 च्या जूनपासून संलग्न कॉलेजांत नवीन शैक्षणिक धोरण आलं, मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी म्हणजे कौशल्याचा कोर्स, फील्ड प्रोजेक्ट. कल्पना वाईट नाहीत, फील्ड प्रोजेक्ट तर भूगोलवाल्यांनी डोक्यावर घ्यावा असा. पण सिलॅबस हातात येईपर्यंत सेमिस्टर अर्धं झालेलं, पुस्तक नाही, टाइमटेबल जुळत नाही, आणि शिकवायला माणूस नाही.

माणूस नाही, हे खरं मूळ आहे. माझ्यासारख्या परमनंट बाईने राजीनामा दिला तर त्याची गावभर चर्चा होते. पण उच्च शिक्षणातून खरी माणसं जातात ती दुसऱ्याच दाराने, आणि त्यांचं जाणं कुणाच्या लक्षात पण येत नाही कारण त्यांनी राजीनामा दिलेलाच नसतो. नेमणूकच नसते तर राजीनामा कशाचा? पुढच्या वर्षी ऑर्डर निघत नाही, किंवा ते इंटरव्ह्यूला येत नाहीत, एवढंच.

आमच्या विभागात एक सर होते, 2009 पासून सीएचबीवर. सेट पास, पीएचडी झालेले. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान, पण जीआयएस, म्हणजे संगणकावरचं नकाशाचं काम, माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं. सुरुवातीला तासाला 300 रुपये, 2018 च्या शेवटी 500 झाले. आठवड्याला 9 तास धरा, महिन्याचे 36, म्हणजे 500 च्या दराने 18,000, तेही वर्षातले आठ-नऊ महिने, आणि दरमहा हातात नाहीच, बिल जेडी ऑफिसला, म्हणजे शिक्षण सहसंचालकांकडे, जाऊन मंजूर होऊन येईपर्यंत दिवाळी उलटून जायची. त्याच सुमाराला, 2019 च्या जानेवारीत, यूजीसीने पाहुण्या अध्यापकाला तासाला 1,500 आणि महिन्याला 50,000 पर्यंत द्या म्हणून सांगितलं होतं. सातव्या वेतनात नव्या सहायक प्राध्यापकाचं नुसतं मूळ वेतन 57,700. शेजारच्या वर्गात तोच विषय, तीच मुलं, तोच खडू. ते दर वर्षी परत तोच इंटरव्ह्यू द्यायचे, आणि समोर पॅनेलवर विभागातर्फे मी बसलेली असायचे. एका वर्षी मी त्यांना विचारलं, "सर, टोपोशीट म्हणजे काय?" कारण काहीतरी विचारायला हवं होतं. त्यांनी शांतपणे उत्तर दिलं. ते मला अजून टोचतं.

2018 च्या नोव्हेंबरमध्ये सरकारने 3,580 जागा भरायला परवानगी दिली तेव्हा त्यांनी फाईल नवीन केली. त्यातल्या 1,492 भरल्या गेल्या, मग कोरोना आला, 2020 च्या मे मध्ये भरती थांबली, आणि 2,088 हा आकडा पुढे कित्येक वर्षं प्रत्येक आंदोलनाच्या बॅनरवर राहिला. लॉकडाऊनमध्ये तासिका नाहीत म्हणून मानधन नाही. मी घरी बसून पूर्ण पगार घेत होते आणि ऑनलाइन वेबिनारची सर्टिफिकेटं गोळा करत होते. त्यांनी जूनमध्ये फोन केला होता, मॅडम, या वर्षी मी नाही येत. मी म्हणाले, अहो सर, थांबा, जागा निघतील. माझं म्हणणं खोटं नव्हतं, पण आता विचार करते तर त्यांनी थांबावं हे मला माझ्यासाठी पण हवं होतं, ते होते म्हणून प्रॅक्टिकलची बॅच व्हायची, ते होते म्हणून मला क्रायटेरियाचं काम करता यायचं. 11 वर्षं ते थांबलेलेच होते.

तर तो कंपास. इश्यू रजिस्टर उघडलं तर शेवटची नोंद त्यांचीच, डिसेंबर 2019, क्षेत्रभेट, नग 1, खाली सही. जमा केल्याचा रकाना रिकामा. मी संध्याकाळी फोन लावला, पाच वर्षांनी, नंबर लागेल असं वाटलं नव्हतं. पहिल्या रिंगला उचलला.

"मॅडम, माझ्याकडंच आहे तो. आणून द्यायचा होता, पण गेटपर्यंत येऊन दोनदा परत गेलो."

दुसऱ्या दिवशी दुपारी आले. उन्हाने रापलेले, केस पांढरे झालेले. आता जमिनीच्या मोजणीची खाजगी कामं करतात, जोडीला दोन म्हशी, मुलगी बारावीला. कंपास जुन्या मऊ फडक्यात गुंडाळून आणला होता, पितळ इतकं स्वच्छ की आमच्या कपाटातल्या 9 पेक्षा हाच नवा वाटत होता. मामांनी चहा आणला. ते लॅबभर फिरले, गोल फिरवून बघितला, भिंतीवरचा महाराष्ट्राचा प्राकृतिक नकाशा त्यांनीच मुलांकडून करून घेतलेला, त्याच्यासमोर जरा वेळ उभे राहिले. मी त्यांना राजीनाम्याचं सांगितलं. त्यांनी "का" म्हणून विचारलं नाही, घराबाहेरचा, तसं न विचारणारा मला भेटलेला हा पहिला माणूस. मग कसं कोण जाणे, मी त्यांना त्या संक्रांतीच्या मुलीबद्दल बोलले.

"ती होय," ते म्हणाले. "मी सांगितलं होतं की तिला. कार्यक्रम संपल्यावर जिन्यात. खाली मैदानावर पोरं खेळत होती, त्यांच्याकडून भोवरा मागून घेतला. ती आणि अजून तिघी-चौघी होत्या. पंधराएक मिनिटं बसलो असू."

मी काही बोलले नाही. बोलताच आलं नाही.

त्यांनी रजिस्टर जवळ ओढलं, स्वतःची जुनी नोंद शोधली. त्या कॉलेजच्या स्टाफच्या बोर्डावर त्यांचं नाव कधी नव्हतं, 11 वर्षांत एकाही ग्रुप फोटोत ते बसलेले नव्हते. खिशातून पेन काढून म्हणाले, "मॅडम, जमाच्या रकान्यात आजची तारीख टाकू ना?" मी मान हलवली, आणि त्यांनी तारीख टाकून पूर्ण नावाने सही केली.